कापसाचा पैसा दिसतो कुठे?



१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडकला. वऱ्हाड-गुजरातच्या कापसावर मुंबईचे व्यापारी चार वर्षांत गबर झाले. त्यांतल्या प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाच्या घड्याळ-मनोऱ्याला २ लाख रुपये दिले, नाव आईचे लावले: राजाबाई. पुढे साखर कारखानदार करमशीभाई सोमय्यांनी १९५९ साली घाटकोपरला लागून विद्याविहारचे शिक्षणसंकुल उभे केले. जुना पैसा असा दगडावर नाव कोरून मिरवतो. शेटजी धर्मात्मे होते असे आमचे म्हणणे नाही. मुळात घाम आपलाच. पण आपल्या पोराला त्या कॉलेजात अर्ज तरी करता येतो.

नवा पैसा आम्ही अंधेरीत एका लग्नात पाहिला. काचेचा टॉवर, खालचे चार मजले नुसते मोटारींना. फाटकावर आमचेच नाव-गाव विचारले. मांडवाला परदेशी फुले, सकाळी सगळी कचऱ्यात.

हा थाट आता गावात शिरला आहे. आमच्याच एका कार्यकर्त्याने गेल्या उन्हाळ्यात पीककर्ज उचलले आणि पोरीच्या लग्नात डीजे लावला. जूनमध्ये बियाणे उधारीवर आणले. त्या पंगतीत आम्हीही जेवलो. बोललो नाही.