विकत घेतलेलं पुस्तक कुणाचं?

माझ्याकडे अब्बांची काही पुस्तकं आहेत. पहिल्या पानावर त्यांची सही, समासात पेन्सिलीच्या खुणा. त्यातली दोन-तीन त्यांनी रद्दीच्या दुकानातून आणलेली, त्यामुळे सहीच्या वर आणखी कुणाचं तरी नाव. तीन घरं फिरून ती माझ्याकडे आली. कुणाची परवानगी लागली नाही.

मध्यंतरी मुलीनं मला वाचनयंत्र घेऊन दिलं. त्यावर विकत घेतलेली पहिली कादंबरी मला फार आवडली, म्हणून मित्राला द्यायला गेलो. देताच येईना. मुलगी म्हणाली, ‘अब्बा, ती तुमच्या खात्याला बांधलेली आहे.’

खरं तर ई-पुस्तकाची फाइल साधी असते. ‘ईपब’ हा २००७ साली प्रमाण ठरलेला प्रकार म्हणजे वेबपानांची झिप करून बांधलेली पुरचुंडी. कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर उघडावी, यासाठीच ती केलेली. पण विकताना तिला बहुधा कुलूप घालतात. त्याला डीआरएम म्हणतात. मजकूर सांकेतिक होतो आणि किल्ली राहते दुकानदाराच्या हाती. आपण पैसे मोजतो ते पुस्तकाचे नव्हेत, वाचण्याच्या परवान्याचे!

अशी अट घालून पाहण्याचा प्रयत्न कागदी पुस्तकातही झाला होता. बॉब्स-मेरिल या अमेरिकन प्रकाशकानं ‘द कास्टअवे’ या कादंबरीत छापलं, की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकाल तर हक्कभंग समजू. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानानं ती ८९ सेंटला विकली. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयानं दुकानाच्या बाजूनं निकाल दिला : प्रत एकदा विकली, की पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा अधिकार उरत नाही. युरोपच्या न्यायालयानं मात्र २०१९ साली ठरवलं, की वापरलेलं ई-पुस्तक परवानगीशिवाय पुन्हा विकता येणार नाही.

जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं ग्राहकांच्या किंडलवरून दोन पुस्तकं परस्पर पुसून टाकली. ती पुरवणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे खरं. पैसेही परत दिले. पण एका शाळकरी मुलानं अभ्यासासाठी काढलेली टिपणं निरुपयोगी झाली. ज्या पानांची टिपणं, ती पानंच नाहीत. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. पुस्तकं कुठली, तर ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘ॲनिमल फार्म’!

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. विकलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. किंमत परत मिळाली. ज्यांनी टिपणं केली होती, त्यांना २५ डॉलर जादा. हे वाचलं आणि मी अब्बांचं एक पुस्तक काढून त्या पेन्सिलीच्या खुणा उगीच बघत बसलो.

मीही लिहितो. चोरटी प्रत निघाली तर मलाही लागतं. तरी माझ्या संग्रहाचं ई-पुस्तक काढताना प्रकाशकानं कुलपाचं विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं. मला भेटलेल्या निम्म्या वाचकांनी तरी माझ्या कविता मागून नेलेल्या प्रतीतच वाचल्या आहेत.

ती कादंबरी मित्राला शेवटी यंत्रासकट दिली. महिना झाला, अजून परत आलेली नाही.