अनुदान कोणाच्या हातीं पडतें?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेल्या भाषणाचा सारांश)



सरकार शेतकऱ्याला पैसा देणार असें ऐकलें कीं आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो, "किती मिळणार?" आम्ही आज निराळा प्रश्न विचारतों. तो पैसा निघतो कोणाच्या नांवानें, आणि यादी करणारा कोण? हें नीट ध्यानांत यावें म्हणून अमेरिकेंतील आर्कान्सा प्रांताची हकीकत सांगतों.

तेथें प्रांताचे काउंटी नांवाचे भाग असतात; आपला तालुका-जिल्हा समजा. पॉइन्सेट काउंटींत कापूस पिके. जमीन मोठ्या मळेवाल्यांची. कसणारीं काळीं व गोरीं गरीब कुटुंबें अर्धेलीनें राबत. खाण्याचा जिन्नस उधार, आणि वर्षअखेरचा हिशेब मालकाच्या वहींत. ही वही तुम्हांला ओळखीची वाटेल!

कापसाचा भाव पार बसला, तेव्हां १९३३ सालीं सरकारनें कायदा केला : कापूस कमी पेरा, आम्ही भरपाई देऊं. त्या वर्षीं सुमारें एक कोटि एकर उभा कापूस नांगरून टाकला. माल घटला म्हणजे भाव चढेल, हा हेतु. हेतु वाईट नव्हता. पण करार झाला जमीनमालकाशीं. १९३४-३५ च्या करारांत पौंडामागें मालकाला ४ सेंट आणि अर्धेलकऱ्याला अर्धा सेंट! तो अर्धा सेंटही पुष्कळ ठिकाणीं जुन्या बाकींत वळता झाला.

जमीन पडीक राहिली, तशीं माणसेंही नकोशीं झालीं. कुळें ठेवावींत असें कलम करारांत होतें, पण त्याला "शक्य तोंवर" अशी पुस्ती होती. त्या दोन शब्दांच्या फटींतून हजारों बिऱ्हाडें रस्त्यावर आलीं. दाद मागावी तर काउंटीच्या कमिटींत मळेवाल्यांचाच वरचष्मा. कुंपणच शेत खाऊं लागलें, तर राखण कोणी करावी?

१९३४ च्या जुलैंत टायरोन्झा गांवाजवळ अठरा माणसें जमलीं. अकरा गोरीं, सात काळीं. संघ एक करावा कीं रंगावरून दोन, असा प्रश्न निघाला. ठरलें कीं एकच! मारहाण झाली, गोळ्या झाडल्या गेल्या, तरी संघ वाढत गेला. उलट, कुळांना काढतां येत नाहीं असा कराराचा अर्थ लावणाऱ्या सरकारी वकिलांनाच १९३५ सालीं खात्यानें घरीं बसवलें.

तो काळ गेला असें म्हणावें, तर १९२० सालीं त्या देशांत सव्वानऊ लाखांवर काळे शेतकरी होते. १९९७ सालीं ते वीस हजारांच्या आसपास उरले. त्याच वर्षीं त्यांनीं सरकारवर दावा लावला कीं काउंटीच्या कचेरींत आमचे कर्जाचे अर्ज नाकारतात किंवा पेरणी टळल्यावर मंजूर करतात. १९९९ सालीं तडजोड होऊन सरकारला भरपाई द्यावी लागली. पण गेलेली जमीन पैशानें परत येते काय?

आतां आपल्या घराकडे पाहूं. २०१९ पासून केंद्र सरकार किसान सन्मान निधींतून वर्षाला ६००० रुपये देऊं लागलें. तें ज्याच्या नांवावर जमीन त्याला. बटईनें दुसऱ्याचें रान कसणाऱ्याला नाहीं. शेतांत दिवसभर वांकणाऱ्या बाईचें नांव सातबाऱ्यावर नसेल तर तिलाही नाहीं. घाम एकाचा आणि खातें दुसऱ्याचें, हा प्रकार आर्कान्सांतलाच नव्हे काय?

म्हणून आमचें सांगणें थोडें आहे. सातबारा स्वतः वाचा. येत नसेल तर शाळेंतल्या पोरीकडून वाचून घ्या. बटईचा व्यवहार तोंडी ठेवूं नका. घरच्या बाईचें नांव उताऱ्यावर चढवा. यादी ग्रामसभेंत वाचली जाते त्या दिवशीं कुणबी, माळी, महार, लोहार, सुतार सगळे एका सतरंजीवर बसा. शेत पडीक पडलें तर लोहाराचा भाताही थंडावतो, हें विसरूं नका. टायरोन्झाच्या अठरा माणसांना जें कळलें, तें आपल्याला कळण्यास आणखी उशीर नको.