उभ्या गुहेत उतरण्याचे साधन

बंगळुरूच्या नैऋत्येस सुमारे पन्नास किलोमीटरवर रामनगरचे ग्रॅनाइटचे डोंगर आहेत. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ या चित्रपटामुळे ते देशभर परिचित झाले. बंगळुरूच्या प्रस्तरारोहकांना मात्र ते दोराचे पहिले धडे देणारी शाळा म्हणून ठाऊक आहेत. याच परिसरातील सावनदुर्ग येथे ‘अ पॅसेज टु इंडिया’ या १९८४ सालच्या चित्रपटातील मराबार गुहांचे प्रसंग चित्रित झाले. परंतु खोल, उभ्या गुहा या भागात नाहीत. कर्बवायू शोषलेले पावसाचे पाणी चुनखडीला विरघळवून विवरे कोरते. ग्रॅनाइटवर त्याचा तसा परिणाम होत नाही. अशी विवरे पाहण्यासाठी मेघालयात जावे लागते. तेथील गुहांचे पद्धतशीर संशोधन १९९२ पासून देशी-विदेशी पथकांनी चालविले आहे.

म्हणजे बंगळुरूचा तरुण उतरायला शिकतो तो उन्हात, कोरड्या कातळावर. आणि ती विद्या वापरतो ती काळोखात, चिखलात आणि वाहत्या पाण्यात. कड्यावरून उतरल्यावर पायवाटेने परत जाता येते. विवराच्या तळाशी पोहोचलेल्याला मात्र बहुधा त्याच दोराने वर चढावे लागते. म्हणून ‘सर्वांत मजबूत साधन कोणते?’ हा प्रश्न येथे अपुरा ठरतो. दोर, साधन आणि हात या तिघांचा मेळ कसा बसतो, हाच खरा प्रश्न आहे.

उतरणीच्या साधनाचे काम घर्षण निर्माण करण्याचे. सामानासह ऐंशी किलोग्रॅम वजनाचा माणूस शंभर मीटर उतरतो, तेव्हा जी ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते, ती पाव लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापविण्यास पुरेशी असते. सावकाश उतरल्यास ही उष्णता दोरात व हवेत विखुरते. वेगाने उतरून मध्येच थांबल्यास तापलेला धातू एकाच जागी दोराला चिकटून राहतो. नायलॉन-६ सुमारे २२० अंश सेल्सियसला वितळते आणि त्यापूर्वीच दुबळे होऊ लागते.

आणखी एक गोष्ट नवख्याला चकवते. अकरा मिलिमीटर जाडीचा शंभर मीटर दोर सुमारे आठ किलोग्रॅम भरतो. वरच्या टोकाशी हे लोंबते वजनच दोर ताणून धरते आणि उतरणारा अडखळतो. खाली जावे तसे ते वजन घटते, घर्षण कमी होते आणि वेग आपोआप वाढू लागतो.

या दृष्टीने प्रचलित साधनांची तुलना करावी. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे ‘फिगर ऑफ एट’ स्वस्त व सुटसुटीत आहे; पण ते दोराला पीळ घालते आणि दोर अडकविताना सामान्यतः ते कॅराबिनरमधून काढावे लागते. काळोखात हातून निसटले तर ते विवरात गेलेच. आडव्या दांड्यांचे ‘रॅक’ अमेरिकेत १९६०च्या दशकात पुढे आले. त्यातील दांड्या उतरता उतरता कमी-अधिक करून घर्षण बदलता येते, म्हणून लांब, सलग उतरणीला ते उत्तम. फ्रान्समध्ये रूढ झालेले दोन स्थिर चाकांचे ‘बॉबिन’ कंबरपट्ट्यापासून न सोडवता दोरात घालता येते. जेथे दोर वाटेत पुन्हापुन्हा खडकाला बांधलेला असतो, तेथे ते सोयीचे. मात्र त्याला जोडीला ब्रेक-कॅराबिनर हवा.

हात सुटताच आपोआप थांबणारी साधनेही मिळतात. ती निर्धोक आहेत, हा समज तपासून घ्यावा. काही नमुन्यांत मूठ दाबली की दोर सुटतो. घाबरलेला माणूस हातात असेल ते अधिकच घट्ट धरतो. तेव्हा वाचविणारी मूठच त्याला खाली नेते. म्हणून खालचा दोर धरणारा हात कधीही सोडू नये आणि थांबताना दोराची पक्की गाठ मारूनच थांबावे.

साधनावर दोराच्या कोणत्या जाडीसाठी ते बनले आहे, ते कोरलेले असते. त्याहून बारीक, नवा वा ओला दोर अनपेक्षित वेगाने सरकू शकतो. युरोपीय मानक १८९१ नुसार ‘अ’ प्रकारच्या कमी ताणल्या जाणाऱ्या दोराने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,२०० किलोग्रॅम वजनाइतका भार पेलला पाहिजे. एवढा बळकट दोरही धारदार कडेवर घासून कापला जातो. चिखलाच्या कणांनी ॲल्युमिनियमची चाके झिजतात. झिजलेले साधन वेळीच बाजूला ठेवावे.

तेव्हा निवडीची कसोटी दुकानात लागत नाही. निवडलेले साधन घेऊन जमिनीपासून दोन-तीन मीटरवर लोंबकळावे, शेजारी जाणता सहकारी असावा. हातमोजे घालून, डोळे मिटून साधन बांधता येते का? मध्येच थांबून, उतरणे सोडून चढण्याच्या साधनांवर जाता येते का? दोराच्या टोकाला गाठ आहे, हे पाहण्याची सवय जडली आहे का? या तीन प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर मिळेपर्यंत महागडे साधनही अपुरेच समजावे. खोल विवरात विचाराला अवधी मिळेलच असे नाही. तेथे हाताला जे मुरलेले असेल तेच उपयोगी पडते.