घडीच्या कयाकची खोळ

श्रोतेहो, घडीची कयाक म्हणजे सुटी करून पिशवीत भरता येणारी होडी. ती पिशवीतून काढून जोडायची कशी, वल्हं धरायचं कसं, हे ज्यांना हा नाद आहे त्यांना मी सांगायला नको. आज मला बोलायचंय ते सांगाड्यावर चढणाऱ्या खोळीबद्दल, आणि खरं म्हणजे खोळीतल्या जोडांबद्दल. घेणारा माणूस दुकानात एकच विचारतो, कापड कुठलं, हायपालॉन की पीव्हीसी? भारीतलं नाव ऐकलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. माझी तक्रार आहे ती या प्रश्नाला मिळणाऱ्या पहिल्या मानाबद्दल. कापडाचं नाव मागाहून विचारा. आधी विचारा, तुकडे एकमेकांना जोडलेत कसे, आणि खोळ आतल्या बाजूने कशावर घासते. खोळ मधोमध फाटून सहसा जात नाही, ती जोडावर आणि घडीवर जाते. हे वाक्य मी पुढे पुन्हा म्हणणार आहे, कारण आता कुणीतरी कुकरची शिट्टी ऐकून उठलेलं असणार.

घरातली छत्री डोळ्यांसमोर आणा. मिटलेली असते तेव्हा नुसती दांडी आणि लोंबतं कापड. उघडली की काड्या कापडाला ताणतात, कापड काड्यांना आवरून धरतं, आणि या ओढाताणीतून तिला आकार येतो. ही छत्री जुनी झाली की कुठे जाते? पाकळीच्या मध्यावर क्वचितच. काडीच्या टोकाला कापड टाचलेलं असतं तिथे सुटते, दोन पाकळ्यांच्या शिवणीतून ठिबकते, आणि रोज एकाच रेषेत मिटून त्या रेषेवर विरते. कयाकची खोळ ही उताणी धरलेली लांबट छत्रीच समजा. पाकळ्या तशाच बेतून कापलेल्या, ताण तसाच. फरक एवढाच, की छत्रीवर पाऊस येतो आणि जातो, खोळीला मात्र पाणी बाहेरून सतत आत दाबत असतं. सांगाड्याच्या दोन आडव्या कमानींच्या मधलं कापड त्या दाबाने आत झुकतं आणि सांगाड्याच्या लांब पट्ट्यांवर घट्ट बसतं. लाटेसरशी सांगाडा किंचित मुरडतो, आणि कापड त्याच रेषांवर घासलं जातं. चांगल्या खोळीला तळाशी नेमक्या त्याच रेषांवर बाहेरून जादा पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या याचसाठी. खरेदीच्या वेळी त्यांवरून बोट फिरवून पाहिलेलं बरं. काठ उचललेला असेल तर लगेच हाताला लागतो.

जोडाची किंमत फार पूर्वी ओळखली ती उत्तर ध्रुवाकडच्या थंड समुद्रकाठच्या लोकांनी. अल्यूशियन बेटांवर समुद्रसिंहांची कातडी शिवून कयाक मढवत, आणि हे शिवणकाम बायकांच्या हातचं. शिवण दुहेरी, आणि सुई कातड्यातून आरपार न काढता निम्म्या जाडीतूनच फिरवायची. आरपार भोकच नाही, तर पाणी शिरणार कुठून? वर चरबी चोळायची आणि मधूनमधून बोट पाण्याबाहेर काढून वाळवायची, कारण फार वेळ भिजलेलं कातडं ढिलं पडतं. युरोपात 1905 मध्ये म्युनिकच्या आल्फ्रेड हॉयरिख या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने बांबू आणि शिडाचं कापड घेऊन घडीची बोट केली आणि इझार नदीत चालवली. 1907 मध्ये ती बनवण्याचे हक्क घेतले रोझेनहाइमच्या योहान क्लेपरने. हा क्लेपर सुतार नव्हता हो, शिंपी होता! यात मला नुसता योगायोग दिसत नाही. सांगाडा कुणीही चांगला सुतार करून देईल. दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या सांगाड्यावर सुरकुती न पडता बसेल असं कापड बेतायचं, तर शिंप्याचीच नजर हवी.

आता तुम्ही म्हणाल, मग कापडाला काही अर्थच नाही का? आहे, भरपूर आहे. पण तळाच्या कापडात दोन वस्तू असतात, आतलं विणलेलं कापड आणि त्याच्या दोन्ही अंगांना दिलेला लेप. हायपालॉन, पीव्हीसी ही नावं लेपाची. ताण सोसतं ते आतलं कापड, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही. नायलॉन ओलं झालं की सैलावतं, पॉलिएस्टर त्या मानाने ताण धरून राहतं. लेपांत हायपालॉन उन्हाला फारशी दाद देत नाही. ड्यूपॉन्ट कंपनीने त्याचं उत्पादन 2010 मध्ये थांबवलं, तरी त्या जातीच्या रबराला आजही सर्रास तेच नाव चालतं. पीव्हीसी स्वस्त, पण त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू निघून जातं, मग ते ताठरतं आणि चिरतं. कुठे चिरतं? घडीवर! पॉलियुरेथेन घासण्याला चिवट. वरच्या अंगाला, म्हणजे डेकला, क्लेपरच्या परंपरेत सुती कापड असतं. भिजलं की धागे फुगून छिद्रं बुजतात, आणि एरवी आतली वाफ बाहेर जाऊ शकते, त्यामुळे आत घामट ओल साचत नाही. पण गंमत पाहा. तयार हायपालॉन उष्णतेने सांधता येत नाही. ते खरवडून, दोन डब्यांतलं मिसळून करायच्या गोंदाने चिकटवावं लागतं, आणि हवा दमट असली की तो गोंद नीट धरत नाही. जुलै महिन्यात कोकणात बसून हा उद्योग कुणी करू नये. पीव्हीसी आणि पॉलियुरेथेन मात्र यंत्राने तापवून एकजीव करता येतात, सुईचं भोक नाही की गोंद नाही. म्हणजे महागाचं कापड कारागिराच्या हातावर अवलंबून, आणि स्वस्ताला यंत्राचा पक्का सांधा. आता नुसत्या नावावर पैसे मोजणाऱ्यांना काय म्हणावं?

मग यंत्राने सांधलेली घ्यावी की झालं, असंही कुणी म्हणेल. एवढ्याने होत नाही. पुढच्या आणि मागच्या टोकाशी दोन बाजू आणि डेक असे तुकडे एकावर एक येतात, तिथे जाडी एकदम बदलते आणि सगळी ओढ त्या जाड भागाच्या काठावर येते. सांधा टिकतो, शेजारचं कापड जातं. दुसरा आक्षेप नेहमीचाच, की कापडाची बोट समुद्रात काय टिकणार? टिकते. 1928 मध्ये फ्रान्झ रोमर आणि 1956 मध्ये हान्नेस लिंडेमान अशाच क्लेपर बोटींतून अटलांटिक पार करून गेले, लिंडेमान तर 72 दिवसांत. पण एका सफरीवरून खोळीची परीक्षा होत नाही. ओस्कार श्पेक 1932 मध्ये जर्मनीतल्या उल्महून डॅन्यूब नदीतून निघाला, कराचीहून आपल्या पश्चिम किनाऱ्याने श्रीलंकेपर्यंत उतरला आणि 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला. माणूस तोच राहिला, पण वाटेत त्याला बोटी बदलाव्या लागल्या. रोजची वाळू, रोजचं मीठ, वर्षानुवर्षांची जोडमोड, खरी कसोटी तिथे लागते.

आणि वाळूवरून आठवलं, रागावून बोललो तर माफ करा. किनाऱ्यावर ओल्या पायांनी बोटीत बसता, पायांबरोबर मूठभर वाळू आत जाते, ती घरंगळत तळाला, सांगाड्याची पट्टी आणि कापड यांच्या मधोमध जाऊन बसते. बाहेरच्या खडकाची तुम्हाला धास्ती. कापड कुरतडलं जातं ते आतून, तुमच्याच वाळूने. आतून तर जादा पट्टीही नसते! घरी आल्यावर सांगाडा काढून खोळ आतून बाहेरून गोड्या पाण्याने धुवा. नुसतं वाळवून भागत नाही. मीठ कापडात राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं, हाताला कोरडं लागलेलं डेक चार दिवसांनी पुन्हा दमट होतं, आणि सुती कापडावर काळे ठिपके धरतात. घडी घालताना दर वेळी रेषा बदला, जमलं तर घडी न घालता सैल गुंडाळी करा. पुन्हा सांगतो, खोळ जोडावर आणि घडीवर जाते.

काठालगतच्या हवेच्या नळ्यांबद्दल खरं तर सविस्तर बोलायचं होतं. त्या बोट जोडून झाल्यावर फुगवायच्या, म्हणजे सैल चढवलेली खोळ सगळीकडून ताणली जाते, आणि बोट उलटली तरी तरंगत राहते. मात्र किनाऱ्यावर भर उन्हात बोट ठेवली तर आतली हवा प्रसरण पावते आणि सगळा जोर पुन्हा काठाच्या जोडावर, म्हणून थोडी हवा सोडून ठेवावी. किती सोडावी याचा अंदाज... काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होते आहे. ठिगळाचं तेवढं सांगून टाकतो. ठिगळ चौकोनी कापू नका, कोपरे गोल करा, टोकदार कोपरा आधी सुटतो. आणि चिकटवण्यापूर्वी खालचा लेप कोणता आहे ते पाहून घ्या, पीव्हीसीचा गोंद हायपालॉनवर चालत नाही.