गुग्गुळाची चीर



दिल्लीच्या सरोजिनी नगरातली जुनी सरकारी क्वार्टरं पाडून आता टोलेजंग इमारती उठल्या, तरी मराठी घरांतून तिन्हीसांजेला गुग्गुळाची धुरी अजून फिरते. बाजारात पंसाऱ्याकडे गुग्गुळ मागितला, की तो पुडी बांधता बांधता ऐकवतो, "एंटीऑक्सिडेंट है, भाभीजी!" योगराज गुग्गुळाच्या डबीपलीकडे आपली चौकशी सहसा जात नाही, म्हणून आज थोडं त्याविषयी.

पंसारी खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, डब्यातल्या जुन्या तेलासारखं खवटतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत साचू लागतं. गुग्गुळातली गुग्गुलस्टेरोन ही द्रव्यं हे खवटणं रोखतात, असं दिसून आलं आहे. परीक्षानळीत, हं!

माणसाच्या शरीरात गोष्ट गुंतागुंतीची होते. सुश्रुतसंहितेत मेदावर गुग्गुळ सांगितला आहे. तो धागा धरून १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर प्रयोग केले, आणि रक्तातली चरबी उतरली. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुगुलिपिड हे औषध घडवलं. पण २००३ साली अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. १०३ जणांच्या त्या ८ आठवड्यांच्या चाचणीत गुगुलिपिड घेणाऱ्यांचं एलडीएल घटण्याऐवजी ४-५ टक्के वाढलं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं. तेव्हा डॉक्टरांची गोळी बंद करून कुणी यावर विसंबू नये. थायरॉईडचं औषध चालू असेल, तर विचारल्याशिवाय मुळीच नको.

मला खरी चिंता आहे ती गुग्गुळाच्या झुडपाची. कच्छ, राजस्थान आणि सिंधच्या खडकाळ माळावर वाढणारं हे काटेरी झुडूप. खोडाला हलकी चीर दिली, की डिंक थेंबाथेंबाने पाझरतो. तेवढा धीर व्यापाराला कुठला! खोल घाव घालून त्यावर लेप थापतात. डिंक भरपूर येतो आणि झुडूप वाळून जातं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत गुग्गुळ आज 'अतिसंकटग्रस्त' आहे. पुडीतला डिंक कोणत्या घावातून आला, हे पंसाऱ्यालाही ठाऊक नसतं.

लागवड होऊ शकते. फांदीचं छाट कलम मुळं धरतं, पाणीही बेताचंच लागतं. फक्त पहिली चीर देण्याआधी आठ-दहा वर्षं थांबावं लागतं.