धक्क्यावरची वीज आणि नौकेतले शीतकपाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कोची येथे दिलेले व्याख्यान)



व्याख्यानमाला म्हटली की कोणी संतवाङ्मयावर बोलतो, कोणी शिवकालावर. मी मात्र विषय निवडला आहे तो शीतकपाटाचा, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजचा. आणि तोही धक्क्याला बांधून ठेवलेल्या शिडाच्या नौकेतला! विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यांवर स्मित उमटले, ते साहजिकच आहे. परंतु आपण बंदराच्या गावी येऊन स्थिरावलेली माणसे आहोत. आपल्यापैकी कित्येकांचा संसार नौदल, जहाजबांधणी आणि बंदर यांच्या आधारावर उभा राहिला. २०१० साली येथील बोळगट्टी बेटावर क्रीडानौकांसाठी मरीना सुरू झाली. मुलांना घेऊन जे ती पाहावयास गेले असतील त्यांनी धक्क्यावरच्या खांबापासून नौकेत शिरणारी एक जाड केबल पाहिली असेल. आजचे निरूपण त्या केबलचेच आहे.

प्रथम नौकेतल्या विजेविषयी. घरात आपण २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह वापरतो. शिडाच्या नौकेत बहुधा १२ व्होल्टच्या बॅटऱ्या असतात आणि त्यांतून एकदिश प्रवाह मिळतो. नौकेतले शीतकपाट सामान्यतः याच बॅटऱ्यांवर चालते. त्याचा छोटा काँप्रेसर चालू असताना सुमारे ४ अँपिअर प्रवाह घेतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत तो दिवसाचे निम्मे तास चालला, तर हिशेब ४८ अँपिअर-तासांचा होतो. १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये असा दंडक आहे. म्हणजे एका बॅटरीची दिवसभराची सारी मिळकत एकटे शीतकपाट खाऊन टाकते. समुद्रावर नौकामालकाला दिव्याची नव्हे, फ्रीजची चिंता असते, ती यामुळेच.

नौका धक्क्याला लागली की ही चिंता मिटते, निदान तसे वाटते. धक्क्यावरची २३० व्होल्टची वीज नौकेतल्या चार्जरमध्ये जाते, चार्जर तिचा १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह करून बॅटरीला देतो आणि शीतकपाट पूर्वीप्रमाणेच बॅटरीवर चालत राहते. दिवसाचे ४८ अँपिअर-तास म्हणजे ताशी सरासरी अवघे २ अँपिअर. मध्यम आकाराच्या चार्जरला हे ओझे काहीच नाही. या रचनेत आणखी एक सोय आहे. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची आणि ६० आवर्तनांची, तर आपली २३० व्होल्टची आणि ५० आवर्तनांची. चार्जर दोन्ही दाबांवर चालणारा असेल, तर शीतकपाटाला आपण कोणत्या देशात आहोत याची वार्ताही लागत नाही. काही शीतकपाटे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालतात. किनाऱ्याची वीज मिळताच ती आपण होऊन तिच्याकडे वळतात आणि ती गेली की बॅटरीकडे परततात.

येथे पहिली सावधगिरी सांगावयास हवी. धक्क्यावरची वीज रात्री गेली, तर शीतकपाट एक शब्दही न बोलता बॅटरी उपसू लागते. बॅटरीचा दाब फार उतरला म्हणजे काँप्रेसर स्वतःला बंद करून घेतो हे खरे. पण तोवर बॅटरीत त्राण उरलेले नसते. नौकेच्या तळाशी झिरपणारे पाणी बाहेर टाकणारा पंप पुष्कळदा त्याच बॅटरीवर अवलंबून असतो. मालक पंधरा दिवस गावाला गेला आहे, फ्रीजमध्ये लोण्याचा एक डबा राहिला आहे, आणि त्या डब्यापायी पंप बंद पडून नौका धक्क्यालाच बुडाली, असे घडू शकते. म्हणून दीर्घकाळ नौका सोडून जाताना शीतकपाट रिकामे करावे, बंद करावे आणि दार किलकिले ठेवावे.

धक्क्यावरच्या विजेचा खरा उपयोग थंडावा साठवून घेण्यासाठी आहे. साधे गणित पाहा. ३० अंशांवरचे २० लिटर पाणी ५ अंशांपर्यंत आणावयाचे, तर त्यातून ५०० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. यंत्र खर्चलेल्या विजेच्या दीडपट उष्णता बाहेर टाकते असे धरले, तरी बॅटरीतले तीसएक अँपिअर-तास एवढ्यावरच संपतात. हा खर्च समुद्रावर का करावा? निघण्यापूर्वी दोन दिवस किनाऱ्याच्या विजेवर सारे सामान थंड करून घ्यावे, काही बाटल्यांतल्या पाण्याचा बर्फ करून ठेवावा. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. अशा पाच बाटल्या म्हणजे ४०० किलोकॅलरींची शिदोरीच होय.

आणि ही शिदोरी टिकते ती यंत्रामुळे नव्हे, तर कपाटाच्या भिंतींमुळे. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचे शिडाचे जहाज बोस्टनहून सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचले. वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागले. तरीही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. ना वीज होती, ना काँप्रेसर. होता तो केवळ चांगला उष्णतारोध आणि दाबून बसवलेले ढीग. आजच्या नौकेतही चार इंच जाडीचा फेसाचा थर मोठ्या यंत्रापेक्षा अधिक उपकार करतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. त्या जाड केबलमध्ये तीन तारा असतात. दोन तारा वीज नेतात-आणतात. तिसरी, हिरवी, अर्थिंगची. आत कोठे बिघाड होऊन यंत्राच्या धातूच्या अंगात वीज उतरली, तर ती माणसाच्या देहातून न जाता जमिनीत जावी, यासाठी ही तार असते. परंतु पाण्यात ती आणखी एक काम, न सांगता, करते. धक्क्याला लागलेल्या साऱ्या नौकांच्या हिरव्या तारा किनाऱ्यावर एकत्र येतात. एका नौकेचे जस्त, दुसरीचे पितळ, तिसरीचे पोलाद, भोवती खारे पाणी आणि त्या सर्वांना जोडणारी तार! शाळेत आपण पाहिलेला विद्युत्-घट येथे आपोआप सिद्ध होतो. नौकेच्या पंख्याचे गंजण्यापासून रक्षण व्हावे म्हणून पाण्याखाली जस्ताचे तुकडे बसवलेले असतात. ते एकाएकी शेजाऱ्यांचेही रक्षण करू लागतात आणि भराभर झिजतात. जस्त संपले म्हणजे पाळी पंख्याची.

एकदोन दिवसांचा मुक्काम असेल तर याची क्षिती बाळगण्याचे कारण नाही. पण शीतकपाटासाठी केबल महिनोन्‌महिने, अहोरात्र जोडलेली राहते, आणि नुकसान होते ते या सातत्यामुळे. मग कोणी शहाणा उपाय सुचवतो : हिरवी तारच कापून टाकावी! जस्त वाचते, यात शंका नाही. परंतु नंतर चार्जरमध्ये बिघाड झाला, तर नौकेचा धातू जिवंत विजेचा होतो आणि भोवतीच्या पाण्यात प्रवाह पसरतो. पोहणाऱ्याचे हातपाय अशा प्रवाहाने लुळे पडतात आणि तो बुडतो. अंगावर साधा ओरखडाही नसतो. हा धोका गोड्या पाण्यात अधिक, कारण त्यापेक्षा मानवी देह विजेला सुलभ मार्ग देतो. आपल्या येथील कायलचे पाणी उन्हाळ्यात खारे असते, पण पावसाळ्यात नद्यांना पूर आले की वरचा थर जवळजवळ गोडा होतो. विजेच्या धक्क्याजवळ मुलांना पाण्यात उतरू देऊ नये, हे म्हणूनच सर्वांनी लक्षात ठेवावे.

तार न कापता जस्त वाचवण्याचे उपाय आहेत. गॅल्व्हानिक आयसोलेटर नावाचे एक छोटे उपकरण हिरव्या तारेत बसवतात. सुमारे सव्वा व्होल्टपर्यंतचा दाब ते अडवते. धातूंच्या परस्परांतल्या ओढीचा दाब सामान्यतः याहून कमी असतो. मात्र बिघाडाची मोठी वीज आली की ते तिला विनाअडथळा जमिनीकडे जाऊ देते. खर्च झेपत असेल तर विलगकारी ट्रान्सफॉर्मर त्याहूनही उत्तम. जोडीला ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारा स्विच असावा. केबल जोडताना खांबावरचा स्विच बंद ठेवून आधी नौकेकडचे टोक बसवावे, मग किनाऱ्याचे. काढताना आधी किनाऱ्याचे काढावे. म्हणजे हातात जिवंत टोक राहत नाही आणि चुकून पाण्यात पडले तरी अनर्थ होत नाही.

आपण म्हणाल, आमच्याकडे कोठे नौका आहे? नसेल, पण फ्रीज घरोघरी आहे, आणि दमट हवेच्या या गावात जुन्या घरांतले अर्थिंग पुष्कळदा नावापुरतेच असते. दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसावी म्हणून तिसरी पिन मोडलेला प्लगही कोठे कोठे आढळतो. ती मोडलेली पिन आणि नौकेची ती कापलेली हिरवी तार ही एकच चूक होय. मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने जाणकार तंत्रज्ञाकडून घरचे अर्थिंग एकदा तपासून घेतले, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन.

परमुलुखी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या तारेचा स्वभाव परका वाटू नये. येथल्या मातीशी आपला संबंध जोडलेला हवा, कारण संकटात तीच आपल्याला सावरते. फक्त त्या संबंधात आपले सत्त्व नकळत झिजू नये, एवढी काळजी घ्यावयाची. ती काळजी हे मंडळ पन्नास वर्षे वाहत आले आहे.