बेताच्या पैशांत गेमिंगचा कॉम्प्युटर

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एक मागणी हमखास पुढे येते : गेमिंगचा कॉम्प्युटर. आईवडील कसेबसे पन्नासएक हजार काढायला तयार होतात आणि मंडळी मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठतात. दुकानदार विचारतो, "बजेट किती?" आकडा सांगितला, की पुढचं सगळं तोच ठरवतो.

मग समोर येतो तयार सेट. "आय सेव्हन आहे, सोळा जीबी रॅम, चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड." ऐकायला झकास. पण प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारा. 3770 सांगितला, तर पहिला 3 म्हणजे तिसरी पिढी, 2012 सालचा माल. 2022 मध्ये आलेला आय थ्री 12100 नावाने धाकटा. पण त्यालाही तितकेच, चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत, आणि वेगात तो या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज 11 त्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ते चार जीबीचं कार्ड बहुतेकदा जीटी 730 निघतं, 2014 सालचं. मेमरी चार जीबी असली तरी मूळ चिपच मंद. त्यावर आजचे मोठे गेम चालायचे नाहीत.

म्हणून खरेदी उलट्या टोकाने करावी. आधी मुलाला विचारा, खेळणार काय? व्हॅलोरंटसारखा गेम हलका. तिथे कार्डापेक्षा प्रोसेसरचं काम जास्त. तेवढंच खेळायचं असेल, तर रायझन 5 5600जी घ्या. त्याच्या आतच ग्राफिक्स आहे. कार्ड पुढच्या दिवाळीत घेता येईल. मात्र नंबरमागचा तो 'जी' महत्त्वाचा. नुसत्या 5600 मध्ये ग्राफिक्स नाही, आणि इंटेलच्या ज्या नंबरामागे 'एफ' असतो त्यातही नाही. तिथे कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहणार.

सायबरपंक 2077 सारखे भारी गेम हवे असतील, तर मॉनिटर सोडून उरलेल्या पैशांतले चाळीस टक्के तरी कार्डावर घाला आणि प्रोसेसरचा मोह आवरा. फुल एचडी स्क्रीनसाठी आठ जीबीच्या खाली जाऊ नका, असं माझं मत. रेडिऑन आरएक्स 6600 आठ जीबीचं आहे, इंटेलचं आर्क बी580 बारा जीबीचं. आरटीएक्स 3050 घेताना जपून : सहा आणि आठ जीबी, दोन्ही त्याच नावाने विकली जातात, सहावाल्यात मेमरीच नव्हे, कोअरही कमी आहेत. मॉनिटर 144 हर्ट्झचा आणलात, तर विंडोजच्या सेटिंगमध्ये तो 144 वर आहे ना, हे बघा. कित्येकांचा वर्षभर साठवरच चाललेला असतो.

रॅम सोळाची एक कांडी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, तेव्हा ऐपतीपुरतीच घ्या.

आता ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो भाग : एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर 'फुकट' मिळतो, तो घेऊ नका. त्याच्यावर 450 वॅट छापलेलं असतं. जवळ जाऊन स्टिकर वाचा, बारा व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती? अठरा असतील तर बारा गुणिले अठरा, म्हणजे जेमतेम 216 वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच लाइनवर जगतात. नावाजलेल्या कंपनीचा खरा 550 वॅटचा घ्या, चार-पाच वर्षांच्या वॉरंटीचा. गावाकडे व्होल्टेज वरखाली होतं, तिथे आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॅटच देतो. लाइट गेल्यावर गेम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरताच तो.

आणि बिल पक्कं मागा, जीएसटीचं. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या, कारण वॉरंटी प्रत्येक पार्टची वेगळी असते आणि सर्व्हिस सेंटरवाला बिल मागतोच.